वाचकांचे प्रश्न : दोर माझे वजन पेलेल का?

प्रश्न : मी जालन्यात शिक्षिका आहे, वय ३४, वजन ९६ किलो. रॅपलिंगच्या, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरण्याच्या, शिबिरासाठी नाव नोंदवायला गेले, तेव्हा ‘मॅडम, आमचा दोर तुटेल’ असे म्हणून तिथली मंडळी हसली. सासूबाईही म्हणतात, आधी बारीक हो, मग कडे उतर. मी खरेच थांबावे का?

उत्तर : थांबू नका. गिर्यारोहणाच्या साहित्याची ताकद किलोन्यूटनमध्ये मोजतात आणि कॅराबिनरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीच्या, अंगावर ती कोरलेलीच असते. युरोपीय मानकानुसार त्याने लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार किलोंचा भार सोसायला हवा. त्यापुढे ९६ किलोंचे ते काय कौतुक! तेव्हा त्या मंडळींना एकतर आपल्या साहित्याची माहिती नव्हती किंवा त्यांचा दोर खरोखरच जीर्ण होता. दोन्ही परिस्थितींत त्यांच्यासोबत न गेलेलेच बरे.

खरा प्रश्न हार्नेसच्या, म्हणजे दोराला जोडण्यासाठी अंगावर बांधायच्या पट्ट्यांच्या, मापाचा आहे. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर घट्ट बसला पाहिजे आणि बकलातून ओवल्यावर त्याचे टोक चार बोटे तरी बाहेर उरले पाहिजे. पोट सुटलेले असेल तर पट्टा खाली सरकतो आणि तोल जाऊन माणूस उलटा होण्याचा धोका असतो, म्हणून अशा वेळी छातीचा हार्नेस जोडतात किंवा पूर्ण अंगाचा वापरतात. तुमच्या मापाचा हार्नेस आहे का, तो घालून जमिनीपासून वीतभर उंचीवर आधी लटकून पाहता येईल का आणि वेगळा सुरक्षादोर लावतात का, हे फोनवरच विचारा. पॅराग्लायडिंगची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे पंखाची वजनमर्यादा उत्पादकाने ठरवलेली असते, त्यामुळे नकार आला तर तो अपमान समजू नये.

सासूबाईंच्या बोलण्यात काळजीही असेल, पण वजन कमी करणे हा तुमचा आणि डॉक्टरांचा विषय आहे. कडा हे त्याचे बक्षीस नव्हे. रक्तदाबाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. सरावासाठी देवगिरीच्या पायऱ्या उत्तम. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, म्हणून काठी घ्या आणि जांघा सोलवटू नयेत म्हणून आत सायकलिंगची घट्ट चड्डी घाला. नोंदणी डिसेंबर-जानेवारीची करा, कारण मार्चनंतर आपल्याकडच्या तापलेल्या काळ्या कातळावर हात टेकवत नाही.