मी २४ वर्षांचा मुलगा आहे. सोलापुरात स्कूटर घेतली तर लोक हसतील का? बाईकच घ्यावी का?

हसतील. निदान तुमचे मित्र तरी हसतीलच, त्यांनी सुरुवात केलेलीच दिसते. तुम्ही लिहिलंय की घर जुळे सोलापुरात, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, घरी गुडघे दुखणारी आई. मनात स्कूटर आहे आणि मित्र म्हणतात, "काय बे, पोरींची गाडी घेतो काय?" माझं वय ४९, धंदा टॉवेल-चादरीचा. स्कूटर, मग बाईक, मग परत स्कूटर अशी माझी फेरी होऊन गेलीय, म्हणून थोडं लांबवर लिहितो.

आधी ते 'पोरींची गाडी' प्रकरण. मराठीत स्कूटर 'ती', मोटारसायकल 'ती', बुलेट 'ती', आजोबांची फटफटीसुद्धा 'ती'च. आमच्या शेजारच्या तेलुगु काकू तर दोन्हींना 'बंडी' म्हणतात आणि मोकळ्या होतात. तुमच्या मित्रांची अडचण व्याकरणाची नाही, एवढं नक्की.

आमच्या लहानपणी स्कूटर ही पुरुषाचीच गाडी होती. १९७२ साली बजाजने जी स्कूटर काढली तिला नाव काय दिलं? चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचं! तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. लग्नाच्या बोलणीत "मुलाकडे स्कूटर आहे" हे वाक्य मुद्दाम, जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं टाकलं जायचं. हुंड्याच्या यादीत ती असायची ते वेगळंच. मोटारसायकल कोणाकडे? दूधवाल्याकडे, पोलिसाकडे, नाहीतर शेतावर जाणाऱ्या पाटलाकडे. बँकेतला, शाळेतला, सरकारी हापिसातला माणूस स्कूटरवर.

आमच्या वडिलांची होती, फिकट निळी. हिवाळ्यात सकाळी ती पहिल्या किकला सुरू व्हायची नाही. तेव्हाच्या टू-स्ट्रोक गाड्यांचा तो स्वभावच. मग वडील तिला एका अंगावर पार झोपवायचे, तीन-चार मोजावेत इतका वेळ तशीच धरायचे, म्हणजे पेट्रोल कार्बुरेटरकडे उतरेल. परत उभी करून किक. नाहीच झाली तर उजवीकडचं झाकण उघडायचं, प्लग काढायचा, काचपेपरने काळा थर घासायचा, फुंकर मारायची. मी प्लगपाना धरून शेजारी उभा, शाळेला उशीर होतोय आणि हाताला ऑइलचा वास. एकदाची पेटली की अख्ख्या वाड्यात निळा धूर. गिअर डाव्या मुठीत, क्लच दाबून मूठच फिरवायची. इंजिन उजव्या अंगाला, म्हणून वडील नकळत सीटवर जरा डावीकडे सरकून बसायचे. पुढे ती विकल्यावर चार वर्षांनी बघितलं, तेव्हाही ते बाईकवर तसेच तिरके बसत होते.

हे सगळं जमणं म्हणजे बाप्याचं काम, असा समज होता. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसायची, बहीण पुढे उभी, मी मधे. आईने कधी हँडलला हात लावला नाही आणि लाव असं कुणी म्हटलंही नाही.

मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. पुढे स्कूटी आली. नव्वदीत सात रस्त्याला संगमेश्वर कॉलेजबाहेर पोरींच्या गाड्यांची रांग दिसायला लागली. माझ्या मते स्कूटरची इज्जत गेली ती इथे. गाडी वाईट झाली म्हणून नाही, सोपी झाली म्हणून. काम सोपं झालं की ते बायकांचं, असं आपल्याकडे परस्पर ठरून जातं. (विडी वळणं अवघड असूनही सोलापुरात ते बायकांकडेच राहिलं, हे मात्र या हिशेबात बसत नाही.)

दुसऱ्या बाजूने पेट्रोल महाग होत होतं आणि १९८५ पासून हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक बाईक लिटरमागे कितीतरी जास्त पळत होत्या. नव्वदीचं दशक संपता संपता मोटारसायकलींनी खपात स्कूटरला मागे टाकलं. जाहिरातवाल्यांनी उरलंसुरलं काम केलं. 'हमारा बजाज' म्हणत अख्खं कुटुंब स्कूटरवर बसवलं त्याच कंपनीने २००१ मध्ये पल्सर बाईक आणली, आणि तिची ओळ होती 'डेफिनेटली मेल', म्हणजे पक्का पुरुष. पुढे दुसऱ्या एका कंपनीची प्लेझर स्कूटर आली, ती 'व्हाय शुड बॉईज हॅव ऑल द फन' (सगळी मजा पोरांनीच का करायची) असं विचारत. झाली वाटणी! तुमचे मित्र आज जे बोलतायत ते या दोन ओळींचं उष्टं आहे. त्यांच्या वडिलांना विचारा, वेगळंच ऐकायला मिळेल. बजाजने तर २००९ मध्ये स्कूटर बनवणंच सोडून दिलं आणि २०२० मध्ये चेतक परत आणली ती विजेवरची. घोडा परत आला, फक्त आता खिंकाळत नाही.

आता माझी कबुली. मीही हसणाऱ्यांतलाच होतो. लग्नाआधी वडिलांच्या मागे लागून बाईक घेतली, पंधरा वर्षं चालवली. मागे ट्यूबच्या रबराने टॉवेलचे गठ्ठे बांधून चाटी गल्लीत फेऱ्या मारायचो. गठ्ठा मागे असला की पाय टाकून बसताना जी कसरत होते ती ज्याने केलीय त्यालाच ठाऊक. दोन वेळा गठ्ठ्यासकट आडवा झालो. पुढे कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, वाकून बसू नका, ओझं उचलू नका, जमलं तर गाडी बदला. २०१४ मध्ये स्कूटर घेतली. बायकोच्या नावावर! रंग मात्र मी निवडला, करडा. दोन-अडीच वर्षं मी ती चालवली आणि कुणी बघितलं की म्हणायचो, "आज हिची आणलीय, माझी सर्व्हिसिंगला टाकलीय."

एकदा पार्क चौकात चहा पिताना आम्ही पाच जण होतो, सगळे चाळिशीच्या पुढचे. समोर पाच गाड्या, त्यातल्या चार स्कूटरी. एकाने विचारलं, चौघांचंही उत्तर तेच: हिची आहे. चहावाला हसून म्हणाला, मग वहिनी लोक येतात कशावर? घरी येऊन ही गोष्ट सांगितली, तर बायको म्हणाली, "तेच मी दोन वर्षं विचारतेय." पुढच्या महिन्यात तिच्यासाठी दुसरी घेतली.

आणि 'बायकांची गाडी' म्हणजे काय ते एकदा सकाळी कुंभारीच्या रस्त्याला उभं राहून बघा. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून बाया येतात, पायाशी पानाची पाटी, मागे सासू नाहीतर पोरगी, ट्रकच्या कडेकडेने. त्यांच्याशी बरोबरी झाली तर मला कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

एवढं बोललो म्हणून स्कूटरची नुसती आरती ओवाळणार नाही. चाकं लहान, हा खरा दोष. स्कूटरला दहा किंवा बारा इंची, आपल्या नेहमीच्या कम्युटर बाईकला सतरा-अठरा. मोठं चाक खड्ड्यावरून जातं, लहान चाक खड्ड्यात जातं. पावसात पाणी साचलेलं असताना मी एकदा असाच गेलो. हँडल हातातून फिरलं, कोपर सोलवटलं आणि डबा रस्त्यावर. कडक भाकरी होती म्हणून ती वाचली. तुमचा रस्ता अवजड गाड्यांचा आहे, तेव्हा हे मनावर घ्या. पुढचं चाक बारा इंची आणि पुढे टेलिस्कोपिक सस्पेन्शन (बाईकसारखे दोन दांड्यांचे शॉकअप) असलेलीच बघा, शंभर-दोनशे रुपयांच्या स्टिकरवर जाऊ नका.

दुसरं उतार. कोजागिरीला आपण चालत जातो त्या तुळजापूरच्या घाटात बाईकला खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडी धरतं. स्कूटरला बेल्ट आणि आपोआप चालणारा क्लच असतो, ती तेवढी धरत नाही, बराचसा भार ब्रेकवर. दर आठवड्याला तुळजापूर, पंढरपूर करणार असाल तर बाईक घ्या, यात वाद नाही.

पेट्रोलचा बाऊ करतात तेवढा नाही. रोजचे वीस, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ५२० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देते धरा, बाईक ६०. फरक जेमतेम तीन लिटरचा, महिन्याला तीनशे-सव्वातीनशे रुपये. बेल्ट-रोलर बदलायचा खर्च कधीतरी येतो, पण बाईकलाही चेन-स्प्रॉकेट आहेच.

त्या तीनशे रुपयांत काय मिळतं ते सांगतो. पायाशी गॅसची टाकी बसते, ज्वारीचं पोतं बसतं, माझा चादरींचा गठ्ठा बसतो आणि वजन खाली असल्याने गाडी डुलत नाही. डिकीत रेनकोट आणि डबा. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला गेल्यावर सिग्नलला गुडघ्याशी इंजिन तापत नाही (सीट मात्र दोन्हींचं सारखंच भाजतं, जुना टॉवेल टाकून ठेवा, सोलापुरात त्याची कमी नाही). आणि आई. बाईकच्या मागच्या सीटवर साडी नेसून चढणं म्हणजे गुडघेदुखीच्या बाईला शिक्षा आहे. माझी आई बाईक होती तोवर सिद्धेश्वराला रिक्षाने जायची, गड्ड्याच्या यात्रेलाही. स्कूटर आल्यावर दर सोमवारी "नेतोस का रे" सुरू झालं.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर १२५ सीसीची स्कूटर घेतली असती. लायसन्स मात्र गिअरवाल्या गाडीचं काढा, त्यावर दोन्ही चालवता येतात. ट्रायल एकट्याने घेऊ नका, आईला शोरूममध्ये घेऊन जा, मागे बसवा, एक चक्कर मारा आणि उतरताना तिचा चेहरा बघा. मित्रांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. "हिची आहे" म्हणायची सोय तुम्हाला अजून नाही.