वेल, फाटे आणि छाटणी : लुथरन लोक बायबल कसे वाचतात?

प्रश्न : मुलीचे लग्न रांचीच्या गोस्नर मंडळीतल्या घरात ठरले आहे. ते लुथरन, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शरणपूरचे, म्हणजे आता सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे). ‘आम्ही फक्त शास्त्राचा अधिकार मानतो’ असे व्याही म्हणतात; पण त्यांच्या घरी बायबलशेजारी मार्टिन लुथरची, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाची, प्रश्नोत्तरीही (विश्वास शिकवणारी पुस्तिका) तितक्याच मानाने ठेवलेली दिसली. मग अधिकार एक की दोन? शिवाय त्या पुस्तिकेत दहा आज्ञांपैकी सहावी आज्ञा ‘व्यभिचार करू नको’ आहे, आमच्याकडे सहावी ‘खून करू नको’. छपाईची चूक असेल का?
— एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : छपाई बरोबर आहे. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आज्ञांना क्रमांक घातलेलेच नाहीत, ते नंतरच्यांनी घातले. लुथरन मोजणी रोमन कॅथलिकांसारखी आहे. मूर्तीची मनाई पहिल्याच आज्ञेत धरायची आणि शेवटी लोभाच्या दोन आज्ञा करायच्या. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) मोजणीत मूर्तीची मनाई ही वेगळी दुसरी आज्ञा आणि लोभाची एकच, दहावी. मधल्या सगळ्या त्यामुळे एकेक घर सरकतात. शरणपूर वसवले चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे अँग्लिकनांनी. तुमची मोजणी तिथून आली. लग्नाच्या उपदेशात पाळकांनी आज्ञा शब्दांत सांगावी, आकड्यात नको. नाहीतर ‘सहावी आज्ञा जपा’ म्हटल्यावर नाशिकचे अर्धे वऱ्हाड दचकायचे!

आता अधिकाराचे. किराणा दुकानातले किलोचे वजन आठवा. गिऱ्हाईक त्यावरच विश्वास ठेवते, पण त्या वजनाला मान मिळतो तो मूळ प्रमाणाशी ताडून शिक्का बसला म्हणून. लुथरन मंडळीत मूळ प्रमाण म्हणजे शास्त्र. १५२९ची प्रश्नोत्तरी, १५३०चा आउग्सबुर्गचा विश्वासांगीकार (विश्वासाची जाहीर कबुली) आणि १५८० साली एकत्र छापलेली बाकीची कबुलीपत्रे ही शिक्का बसलेली वजने. रोज वापरायची तीच, पण वाद आला की शास्त्राशी ताडून तपासायची ती; शास्त्र त्यांच्याशी ताडायचे नाही. १५७७च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉनकॉर्ड’ या लुथरन कबुलीपत्राने हे सुरुवातीलाच लिहून ठेवले आहे की न्यायाधीश एकटे शास्त्र, बाकी सगळे साक्षीदार.

इथे एक जुना वाद आहे. पाळक दीक्षेच्या वेळी ही पत्रे स्वीकारतो ती ‘शास्त्राशी जुळतात म्हणून’ की ‘जुळतात तेवढ्यापुरती’? कडवे लुथरन पहिलेच मान्य करतात. दुसऱ्या शब्दांत तर कुठल्याही पुस्तकावर सही करता येईल, असे त्यांचे म्हणणे. आम्हालाही ते पटते.

‘फक्त शास्त्र’ याचा अर्थ परंपरा टाकून द्या असा लुथरनांनी कधीच घेतला नाही. उपासनेचा क्रम, बालकांचा बाप्तिस्मा, प्रेषितांचा विश्वासांगीकार हे सगळे त्यांनी ठेवले. शास्त्राच्या विरोधात जाईल तेवढेच काढले.

प्रश्न : आमच्या वाचनगटात योहान १५ वर, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या द्राक्षवेलाच्या दाखल्यावर, दोन तट पडले. एक म्हणतो, फळ न देणारा फाटा तोडला जातो, म्हणून उपास, दान, हजेरी यांत कसूर नको. दुसरा म्हणतो, सगळी कृपाच आहे, सहावे वचन मनावर घेऊ नका. लुथरन पद्धतीने हा उतारा कसा सोडवतात?
— एक वाचनगट, पिंपळगाव बसवंत

उत्तर : द्राक्षाच्या गावातून हा प्रश्न यावा हे बरेच झाले. मात्र पहिली सावधगिरीही त्यातच आहे. ‘एप्रिलची खरड छाटणी म्हणजे नियमशास्त्र (देवाची मागणी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी म्हणजे सुवार्ता (देवाचे देणे)’ असा उपदेश ऐकायला झकास वाटेल, पण लुथरन शिक्षक तिथेच थांबवील. येशूने वेलाचा दाखला जितका वापरला तितकाच घ्यायचा. प्राचीन मंडळीतला धर्मशिक्षक ऑगस्टिन याने चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतला सरायवाला म्हणजे पौल, असा अर्थ लावला होता. असे अर्थ लावायला बसले की कुठे थांबायचे हेच कळत नाही, आणि मग अधिकार शास्त्राचा न राहता लावणाऱ्याच्या हुशारीचा होतो. साधा, व्याकरणाने निघणारा अर्थ आधी. लेखकानेच अलंकार वापरला असेल तर अलंकार हाच साधा अर्थ.

मग पाहायचे, हे कोणाला सांगितले? शेवटच्या भोजनाची रात्र आहे. यहूदा तेराव्या अध्यायातच उठून गेला. समोर अकरा जण आहेत, आणि ते आधीच शिष्य आहेत. म्हणजे हा वेलात शिरण्याचा प्रवेश-अर्ज नाही.

पुढे शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावायचा. यशया ५ मध्ये देवाचा द्राक्षमळा आहे, मेहनत सगळी झाली आणि रानद्राक्षे आली. तो शेजारी ठेवून योहान वाचला की ‘मी खरा द्राक्षवेल आहे’ यातल्या ‘खरा’ला वजन येते. इस्राएलाला जे जमले नाही ते फळ आता या एका वेलातून येणार आहे.

यानंतर लुथरन वाचनाचा गाभा. प्रत्येक वचनाला विचारायचे, हे माझ्याकडून मागते आहे की मला देते आहे? मागते ते नियमशास्त्र, देते ती सुवार्ता. सहावे वचन, सुकलेले फाटे आगीत टाकतात, हे नियमशास्त्र आहे आणि ते बोथट करायचे नाही. तुमचा दुसरा तट तिथे चुकतो. पाचवे, ‘माझ्यापासून वेगळे होऊन तुम्हाला काही करता येत नाही’, हेही आधी माणसाचा गर्वच मोडते. पण तिसरे वचन पाहा. ‘राहा’ ही आज्ञा चौथ्यात येते, त्याआधीच तिसऱ्यात येशू म्हणतो की मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही आताच शुद्ध झाला आहात. ग्रीकमध्ये दुसऱ्या वचनातली छाटणी आणि तिसऱ्यातले ‘शुद्ध’ एकाच धातूचे शब्द आहेत. म्हणजे छाटणी झालेली आहे, ती वचनाने केली आहे, आणि कात्री माळ्याच्या हातात आहे. पहिला तट ती कात्री फाट्याच्या हातात देतो. उपास आणि हजेरी मोजून फाटा जिवंत ठेवता येत नाही. तो जिवंत असतो म्हणून फळ येते. सोळावे वचन, ‘तुम्ही मला निवडले नाही, मी तुम्हाला निवडले’, यावर शिक्कामोर्तब करते.

नेहमी होणारी चूक आणखी सूक्ष्म असते. ‘तुमचा विश्वास पुरेसा घट्ट असेल तर तुम्ही वेलात आहात’ असे कोणी म्हणतो आणि सुवार्ता गुपचूप पुन्हा नियमशास्त्र होते. घाबरलेला माणूस घरी जाऊन स्वतःचा विश्वास मोजत बसतो. घाबरलेल्यासमोर तिसरे आणि सोळावे वचन ठेवा, निर्ढावलेल्यासमोर सहावे. कोणासमोर काय ठेवायचे हे ओळखणे अवघड आहे, आणि लुथरन पाळकाची खरी परीक्षा तिथेच होते.

गटाला रीत हवी असेल तर लुथरने १५३५ साली आपल्या न्हाव्याला, पेटरला, प्रार्थनेसाठी लिहून दिलेली घ्या. एक वचन घेऊन त्याची चार पदरी माळ करायची : यात काय शिकवले आहे, यासाठी आभार कशाचे, यात माझी कबुली कोणती, आणि मागणे काय. एका बैठकीला दोन-तीन वचने पुरे. अख्खा अध्याय घेतलात तर चौथ्या पदरापर्यंत चहाच येईल.

प्रश्न : लुथरने याकोबाचे पत्र बायबलमधून काढून टाकले होते, हे खरे का? आणि रोमकरांस पत्रात त्याने स्वतःचा शब्द घातला?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : काढले नाही. १५२२च्या जर्मन नव्या करारात याकोब, इब्री, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तके त्याने शेवटी नेली आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांक दिला नाही. प्रस्तावनेत याकोबाला ‘गवताचे पत्र’ म्हटले होते, ते पुढच्या आवृत्त्यांत त्यानेच गाळले. त्याची कसोटी होती, हे पुस्तक ख्रिस्त पुढे आणते की नाही. प्रेषितपणाबद्दलची शंकाही नवी नव्हती, ती प्राचीन मंडळीतही होती. आजचे लुथरन याकोब नेमलेल्या रविवारी वाचतात आणि त्यावर उपदेशही करतात.

दुसरे खरे आहे. रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द ग्रीकमध्ये नाही. १५३०च्या खुल्या पत्रात लुथरने त्याचे समर्थन केले : जर्मन माणूस एक नाकारून दुसरे सांगतो तेव्हा हा शब्द बोलतोच. मराठीतही ‘पैसे नाहीत, फक्त धान्य आहे’ असेच आपण म्हणतो. गंमत अशी की याकोब २:२४ मध्ये मात्र ‘केवळ विश्वासाने नव्हे’ असे स्पष्ट आहे. पौल देवापुढे नीतिमान कसे ठरायचे ते सांगतो, याकोब मेलेल्या विश्वासाला फटकारतो, अशी त्याची लुथरन सोडवणूक आहे.

प्रश्न : लुथरन बायबलचा शब्दन्‌शब्द निर्दोष मानतात का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : कोणते लुथरन, ते आधी विचारा. अमेरिकेतली मिसुरी सिनड ही लुथरन मंडळी निर्दोष मानते. याच मुद्द्यावर १९७४ साली तिच्या सेंट लुईसच्या सेमिनरीतून (पाळक घडवणाऱ्या विद्यालयातून) बहुतेक शिक्षक आणि विद्यार्थी बाहेर पडले. लुथरन वर्ल्ड फेडरेशनमधल्या बऱ्याच मंडळ्या, विशेषतः युरोपातल्या, इतिहास-चिकित्सेच्या पद्धती वापरतात, म्हणजे पुस्तक कोणी, केव्हा, कसे लिहिले ते इतर जुन्या ग्रंथांसारखे तपासतात. भारतात इंडिया इव्हँजेलिकल लुथरन चर्च मिसुरीच्या मिशनमधून उभे राहिले. रांचीची गोस्नर मंडळी फेडरेशनमध्ये आहे. लुथर स्वतः जुन्या कराराला ख्रिस्त ज्यात निजला आहे ती बाळोती आणि गव्हाण म्हणाला. दोन्ही बाजू हे वाक्य आपल्याच बाजूचे म्हणून सांगतात.