वाचकांचे प्रश्न : सोलरचं तिसरं किलोवॅट घ्यावं का?

प्रश्न : आमचं सांगलीत स्वतःचं घर आहे, वर मोकळा स्लॅब. वर्षाची बारा बिलं काढून बेरीज केली तर ३,०८० युनिट आणि जवळपास ३३ हजार रुपये झाले. पावसाळ्यात महिन्याला १९० युनिट पडतात, एप्रिल-मेमध्ये एसीमुळे ३८० पर्यंत जातं. तीन कोटेशन आलीत : २ किलोवॅटचे १ लाख ३० हजार, ३ किलोवॅटचे १ लाख ८५ हजार, आणि तिसरे म्हणतात ५ किलोवॅटच घ्या, २ लाख ९० हजार, बिल कायमचं शून्य. सासरे म्हणतात एकदाच खर्च करायचाय तर मोठंच बसवू. तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बारा बिलांची बेरीज केलीत हे फार बरं केलंत, बहुतेक जण मे महिन्याचं एकच बिल घेऊन दुकानात जातात आणि तिथेच चुकतात.

आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाला ढोबळमानाने १,४०० युनिट देतं, म्हणजे दिवसाला सरासरी चार, जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कमी आणि मार्च-एप्रिलमध्ये जास्त. म्हणजे २ किलोवॅटचे २,८०० युनिट झाले, तुमची गरज ३,०८०. आता सबसिडी बघा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि त्यापुढे काही नाही, ७८ हजारांवर थांबते. ५ किलोवॅट घेतलं तरी ७८ हजारच.

म्हणजे तुमच्या खिशातून २ किलोवॅटला ७० हजार जातील, ३ ला १ लाख ७ हजार, आणि ५ ला २ लाख १२ हजार. बिल पूर्ण शून्य मात्र कशानेच होत नाही, स्थिर आकार दर महिन्याला येतोच. तो आणि उरलेले थोडे युनिट धरले तर २ किलोवॅटमध्ये वर्षाला २९ हजारांच्या आसपास वाचतील, अडीच वर्षांत पैसे वसूल. ३ किलोवॅटमध्ये वाचतील साधारण ३१ हजार. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटसाठी तुम्ही ३७ हजार जास्त टाकताय आणि बिलात त्याचे वर्षाला फक्त दोनेक हजार सुटतायत. तुम्ही न वापरलेले युनिट वीज कंपनीकडे जमा होतात आणि पुढच्या बिलांतून वजा होतात; मार्चअखेर त्यातले जे शिल्लक राहतात त्याचे पैसे मिळतात खरे, पण आपण वीज ज्या दराने घेतो त्याच्या खूप खालच्या दराने. ५ किलोवॅटचा माणूस हे सांगत नाही, त्याचे ७,००० युनिट तुम्ही वापरणार कुठे?

असं का होतं तर आपल्या बिलातल्या स्लॅबमुळे. पहिल्या १०० युनिटचा दर आणि १०१ ते ३०० चा दर ह्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) धरून जवळपास दुप्पट फरक आहे, ३०० च्या वर आणखी महाग. सोलर आधी तुमचे वरचे महाग युनिट कापतं, ते संपले की मग स्वस्तातले. त्यामुळे पहिलं किलोवॅट सगळ्यात जास्त कमावतं आणि शेवटचं सगळ्यात कमी.

तरी ३ किलोवॅट घ्यायला एक चांगलं कारण असू शकतं, ते म्हणजे पुढच्या दोन वर्षांत घरात खरंच काही वाढणार असेल तर. दुसरा एसी, गॅसऐवजी इंडक्शन, इलेक्ट्रिक स्कूटर (रोज ३० किलोमीटर चालवली तर महिन्याला ३०-३५ युनिट). तसं ठरलेलं असेल तर ३ घ्या, नाहीतर २ पुरे. सासऱ्यांना हाच हिशोब कागदावर मांडून दाखवा, "मोठं" म्हणजे किती मोठं हे त्यांनाही आकड्यात दिसेल.

कोटेशनबद्दल. सबसिडी पॅनेल बसून, नेट मीटर (आलेली आणि गेलेली दोन्ही वीज मोजणारं) लागून, मग तुमच्या खात्यात येते, तोपर्यंत पूर्ण रक्कम तुमचीच अडकते, बँकेचं कर्ज काढणार असाल तर त्याचं व्याज हिशोबात घ्या. पॅनेल डीसीआर, म्हणजे सेलसकट देशात बनलेले आहेत असं लेखी घ्या, नसतील तर सबसिडी नाही, आणि एखादं कोटेशन फार स्वस्त वाटतं त्याचं कारण बरेचदा हेच असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशन जुन्या दराचं नाही ना बघा. अर्थिंग, तडितरोधक, नेट मीटरचा खर्च आत आहे का विचारा. सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) पॅनेलइतका टिकत नाही, पंचवीस वर्षांत एकदा तरी बदलावा लागणार म्हणून आत्तापासून पैसे बाजूला ठेवत चला.

आणि सावली. हे मी कळकळीने सांगते कारण आमच्या घरी हेच झालं. पॅनेल बसवायला माणसं मेमध्ये आली, ऊन डोक्यावर, गच्चीवर कुठे सावली नाही. डिसेंबरात मी कपडे वाळत घालायला वर गेले तर तीन वाजताच पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलवर आडवी पडलेली, आणि एकावर सावली पडली की त्याच ओळीतल्या बाकीच्यांवरही परिणाम होतो. शेवटी टाकी उत्तरेला हलवली, तो प्लंबरचा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हता. तुम्ही जमलं तर डिसेंबरात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन सावल्यांच्या कडेने खडूने रेघा ओढा आणि त्या रेघांच्या बाहेरच पॅनेल लावून घ्या. बोअरच्या जड पाण्याने पॅनेल धुऊ नका, पांढरे डाग धरतात.

प्रश्न : गावाकडच्या घरी महिन्याला ८०-९० युनिट होतात पण लाईट सारखी जाते. सोलर बसवलं तर लाईट गेल्यावर चालेल ना?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, साधं ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईट गेली की स्वतःही बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ती सोयच तशी केलेली आहे. लाईट गेल्यावर चालायला हायब्रिड इन्व्हर्टर (ज्याला बॅटरीही जोडता येते) आणि बॅटरी लागते आणि खर्च बराच वाढतो. तुमचे युनिट १०० च्या आतले म्हणजे सगळे स्वस्त दराचे, त्यामुळे बिल वाचवायला म्हणून घेतलं तर पैसे फिटायला वेळ लागेल. दोन पंखे आणि चार दिवेच चालवायचे असतील तर घरातला साधा इन्व्हर्टर आणि एक चांगली बॅटरी ह्याची किंमत आधी काढा, मग १ किलोवॅटचं कोटेशन शेजारी ठेवून बघा.