दर गुरुवारी पन्नास काडतुसे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पत्नी आणि नऊ वर्षांच्या मुलासह येत्या सप्टेंबरमध्ये तुम्ही परभणीहून म्युनिकजवळ नोकरीसाठी येत आहात, गेली सहा वर्षे पॉइंट टू टू (०.२२ इंची नळीच्या) रायफलने ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथे झोपून करायची, नेमबाजी हौसेने करता, आणि युक्रेन युद्धापासून युरोपात काडतुसांची टंचाई असल्याचे ऐकल्यामुळे हा छंद सोबत आणावा की तिकडेच ठेवून यावे, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, विमा, घराची नोंदणी यांविषयी सरकारी संकेतस्थळांवर भरपूर लिहिलेले आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये लातूरहून इथे आलो, आणि तुम्ही विचारलेला प्रश्न मला तेव्हा विचारायलाही सुचला नव्हता, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

टंचाई खरी आहे, पण ती एका कारणाने आलेली नाही. २०२० मध्ये महामारीच्या धास्तीने अमेरिकेत लाखो लोकांनी पहिल्यांदा बंदूक विकत घेतली, त्याच वर्षी जुलैमध्ये रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि जगभरच्या मालाची ओढ तिकडे वाढली. ती जरा सैल होते न होते तोच फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले आणि तोफगोळ्यांसाठी दारूची मागणी वाढली. या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनते सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या आखूड लवेपासून, जिला कारखान्यात लिंटर म्हणतात. तुम्ही कापसाच्या जिल्ह्यातले आहात. जिनिंगच्या आवारातली ती पांढरी धूळ तुम्ही पाहिली असेल. युरोपातल्या कारखान्यांना हे लिंटर मोठ्या प्रमाणात चीनकडून घ्यावे लागते, हे मला इथे आल्यावर कळले, आणि त्या दिवशी परभणी-सेलूच्या रस्त्यावरच्या कापसाच्या गाड्या माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

पॉइंट टू टूची अडचण आणखी वेगळी आहे. मोठ्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरता येते, आणि इथले काही सभासद त्यासाठीचा स्फोटकांचा वेगळा परवाना काढून घरी भरतातही. पण आपल्या काडतुसात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच फिरवून बसवलेला असतो, त्यामुळे एकदा उडवलेली पुंगळी कायमची संपली. कारखान्यातून येईल तेवढेच आपले.

आमच्या क्लबात २०२२ च्या हिवाळ्यात सूचना लागली की प्रत्येक सभासदाला आठवड्याला पन्नासची एकच डबी मिळेल, आणि आधी अठरा वर्षांखालच्या मुलांना. परवाना नसलेल्या माणसाला इथे काडतुसे घरी नेता येत नाहीत. रेंजवर विकत घ्यायची आणि तिथेच उडवायची. ज्यांच्याकडे परवाना होता त्यांनी मात्र दुकाने उघडताच घरच्या तिजोऱ्या काडतुसांनी भरून घेतल्या. मला फार राग आला, आणि तो राग ओळखीचा होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा आमच्या गल्लीत ज्यांच्या घरी जमिनीखाली हौद होते त्यांचेच हौद आधी भरले, आणि माझी आई प्रत्येक घागरीवर खडूने तारीख घालून ठेवत असे. टंचाईचा निम्मा भाग पाणी नसल्याचा असतो आणि निम्मा भाग उद्या मिळणार नाही या भीतीचा, हे मी तेव्हा पाहिले होते. तरीसुद्धा खरे सांगतो, माझ्याकडे परवाना असता तर मीही तिजोरी भरलीच असती.

आता त्या पन्नासांचे काय करावे, हे तुम्हाला उपयोगी पडेल. लातूरला मला शिकवणारे सर लष्करातून निवृत्त झालेले होते. आमच्याकडे पेलेट, म्हणजे एअर रायफलचे छर्रे, नेहमीच कमी असत, म्हणून ते पावडरच्या डब्याच्या झाकणात दहा पेलेट मोजून ठेवत, आणि गोळी सुटल्यावर दुर्बिणीला डोळा लावण्याआधी विचारत, "कुठं गेली, सांग. मग कागद बघ." सांगता आले नाही तर झाकणातला पुढचा पेलेट दहा मिनिटे मिळत नसे. मला तेव्हा तो कंजूषपणा वाटायचा. इथे पन्नासची डबी हातात आल्यावर मी वही काढली आणि तेच सुरू केले: सुटताक्षणी नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे पुढची नेमखूण, कुठे होती ते पाहायचे, वहीत एक ठिपका काढायचा, मगच पडद्यावरची खरी जागा पाहायची. दोन ठिपके जुळले नाहीत तर उठून बसायचे, स्लिंग (रायफल हाताला घट्ट धरणारा पट्टा) तपासायचा, कोपर पुन्हा टेकवायचे, आणि मग दुसरे काडतूस. सुरुवातीला दहा, मग मोजून चाळीस. वर्षभरापूर्वी मी एका संध्याकाळी दीडशे काडतुसे उडवत असे आणि त्यातली निम्मी मला घरी येईपर्यंत आठवत नसत. साठ गोळ्यांच्या सामन्यात माझे गुण त्या टंचाईच्या वर्षातच ५७६ वरून ५८४ वर गेले.

बाकीचा सराव घरी, काडतुसाशिवाय. रिकाम्या पॉइंट टू टूचा ट्रिगर तसाच दाबू नका. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते, म्हणून प्लॅस्टिकचे खोटे काडतूस किंवा उडवलेली पुंगळी घाला. त्याहून सोपे म्हणजे १० मीटरची एअर रायफल. साडेसात जूल ऊर्जेपर्यंतची, एफ शिक्का असलेली एअर रायफल इथे अठरा वर्षांवरील कोणालाही परवान्याशिवाय घेता येते, आणि पेलेटची टंचाई काडतुसांइतकी कधीच जाणवली नाही. तिच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेव्हा तिच्यामुळे हात बिघडेल ही भीती नको. आणखी एक गोष्ट: काडतुसाच्या डबीवरचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक, लिहून ठेवा. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे जातात. टंचाईत माणूस मिळेल ते घेतो आणि मग आपला ट्रिगर बिघडला म्हणून महिनाभर स्वतःला दोष देत बसतो. मी बसलो होतो.

सोबत काय आणावे? जॅकेट, पँट, हातमोजा, स्लिंग, बूट. अंगाला बसलेले जॅकेट इथे नव्याने घेणे फार महाग पडते. रायफल आणू नका, आणि काडतूस तर एकही नाही. मुंबई विमानतळावर माझ्या जॅकेटच्या अस्तरात शिरलेली एक रिकामी पुंगळी यंत्रात दिसली. पत्नी आणि मुलगी काचेपलीकडे उभ्या, आणि मी जमिनीवर बसून जॅकेटची शिवण उसवतो आहे, हे दृश्य माझ्या मुलीला अजून आठवते. पुंगळी रिकामी होती म्हणून तासाभरात सुटलो; जिवंत काडतूस असते तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला असता आणि विमान गेले असते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक खिसा उलटा करा, अस्तर बोटांनी चाचपा, आणि किटची बॅग शक्यतो नवी घ्या.

आता जे अजून सलते ते. इथे क्लबात बारा महिने नियमित नेमबाजी केली की स्वतःच्या रायफलच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, असे सगळे सांगतात. मी ते केले, परीक्षा दिली, प्रमाणित तिजोरीची चौकशी केली, आणि कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी कायद्यातले एक वाक्य पेन्सिलने अधोरेखित करून माझ्यापुढे सरकवले: अर्जदाराचे वास्तव्य या देशात किमान पाच वर्षांचे नसेल तर परवाना नाकारता येतो. 'नाकारावा' असे नाही, 'नाकारता येतो'. माझ्या बाबतीत तो नाकारला. त्यांचे वागणे अत्यंत सभ्य होते. पण माझ्यासोबत त्याच महिन्यात क्लबात आलेला, माझ्याहून कमी गुणांचा शेजारी पुढच्या महिन्यात स्वतःची रायफल घेऊन आला, आणि मी क्लबाची रायफल घेऊन त्याच्या बाजूला आडवा झालो. पाच वर्षे धरूनच चला, नाहीतर माझ्यासारखे प्रत्येक पत्राची पेटी उघडताना श्वास धराल.

मुलाच्या शाळेचा तुम्ही ओघाने उल्लेख केला आहे. तो ओघाने करण्यासारखा विषय नाही. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी काढतात, २.३३ किंवा त्याहून कमी, म्हणजे चांगली, असेल तर मूल थेट गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाते. इथे १ हा सर्वोत्तम गुण. माझी मुलगी इथे आली तेव्हा आठ वर्षांची होती. गणितात तिला १ मिळाला, जर्मनमध्ये ४, सरासरी २.६६. दोन वर्षांच्या भाषेवर त्यांनी तिची शाळा ठरवली, आणि मी त्या दोन वर्षांत गुरुवार संध्याकाळ रेंजवर घालवत होतो, तिच्या जर्मनच्या वहीजवळ नाही. हे मी पत्नीशीही धड बोललेलो नाही. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, म्हणजे तुमच्या हातात माझ्याहूनही कमी वेळ आहे. जर्मन आजपासून सुरू करा, काडतुसे थांबतील.

बारा पूर्ण झाल्यावर ती माझ्यासोबत क्लबात येऊ लागली, कारण त्या वयापासून मुलांना देखरेखीखाली एअर रायफल देतात. टंचाईच्या दिवसांत मुलांना आधी काडतुसे द्यायची हा नियम मला तेव्हा पटला.

एकटेपणाबद्दल विचारले आहे. तो येतो आणि राहतो, कामाला लागावे.

लातूरची माझी रायफल अजून तिथल्या परवानाधारक दुकानदाराच्या कपाटात जमा आहे, सोबत सदतीस काडतुसे. परवान्याची मुदत २०२१ मध्ये संपली, तेव्हा नियमित विमाने बंद होती. २०२३ च्या सुट्टीत नूतनीकरणासाठी चार खेपा घातल्या. एकदा साहेब बैठकीला, एकदा फाईल सापडेना, एकदा परदेशी राहणाऱ्याला परवाना कशाला असा प्रश्न, आणि चौथ्या वेळी माझेच परतीचे विमान. त्याच सुट्टीत सरांकडे गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही. मी गुण सांगितले तर म्हणाले, "कागदावरचे कशाला सांगतोस, सुटताना काय दिसलं ते सांग." मी पाचेक मिनिटे सांगत होतो. निघताना त्यांनी ते पावडरच्या डब्याचे झाकण मला दिले.

पाच वर्षे पूर्ण झाल्यावर २०२४ च्या शेवटी मला इथला परवाना मिळाला. मी अजून रायफल घेतलेली नाही. दुकानात जातो, हातात धरतो, गालाला लावतो, आणि लाकडाचा वास वेगळा येतो म्हणून ठेवून देतो. याचे कारण मला सांगता आले असते तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत झाले असते.

आलात की पहिल्या रविवारी यू-६ मेट्रोने गार्चिंग-होखब्रुकला जाऊ. १९७२ च्या ऑलिम्पिकची रेंज तिथे आहे, आणि २०१० च्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी तिथेच ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुणांनी सुवर्ण जिंकले. तुमचा प्रकार तोच, म्हणून ती जागा तुम्ही पाहायला हवी. आणि गुरुवारी संध्याकाळी सात वाजता क्लबात या. पाहुण्याला सभासदाच्या नावावर उडवता येते. डबी अजून एकच मिळते. त्यातली पंचवीस तुमची. झाकण मी आणतो.