अलाबामाचं शेड्यूल खरंच सोपं होतं का?

प्रश्न: नमस्कार सर, माझं मास्टर्स टस्कलूसाला झालं, युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामात, तिथे असतानाच कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं आणि ते काही सुटलं नाही. आता चार वर्षं ओहायोत नोकरीला आहे आणि ऑफिसात झाडून सगळे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीवाले. त्यांचं रोजचं म्हणणं, तुमच्या १८ राष्ट्रीय टायटलपैकी निम्मी कागदावरची, आणि नोव्हेंबरमध्ये लिंबूटिंबू टीम घरी बोलावून रेकॉर्ड फुगवायचा हाच तुमचा धंदा. मला खरंच वाईट वाटतं कारण मी त्या मॅचेस स्टेडियममध्ये बसून बघितल्यात, पण नेमकं उत्तर देता येत नाही. काय सांगू त्यांना?

उत्तर: सगळ्यात आधी १९४१ चं टायटल सोडून द्या, अगदी मनापासून सांगतोय. त्या वर्षी अलाबामा दोन मॅच हरली होती, एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांची क्रमवारी, तेव्हा टायटल अशाच पोलवरून ठरायचं) २० व्या नंबरवर होती, आणि युनिव्हर्सिटीने ते टायटल आपल्या यादीत घातलं तेच मुळात १९८० च्या दशकात. ते धरून बसलात तर समोरचा तासभर त्याच्यावरच बोलत राहील आणि जे भक्कम आहे ते सांगायचं राहूनच जाईल. १९६४ मात्र सोडू नका. टायटल मिळालं आणि मग ऑरेंज बाउलमध्ये (बाउल म्हणजे सीझननंतरची खास मॅच) टेक्सासकडून २१-१७ हरले हे खरं, पण तेव्हा शेवटचा पोल बाउल गेमच्या आधीच व्हायचा आणि तो नियम सगळ्यांना सारखाच होता. शिवाय ओहायो स्टेट स्वतः १९७० चं टायटल मोजते, जेव्हा ते रोझ बाउलमध्ये स्टॅनफर्डकडून २७-१७ हरले होते, हे त्यांना शांतपणे विचारा.

आता लिंबूटिंबू टीमचं. होतं हे, मर्सर काय, चॅटनूगा काय, सीझनच्या ऐन शेवटी, कट्टर प्रतिस्पर्धी ऑबर्नशी मॅच असायची तिच्या आधी, अशी एखादी मॅच असायचीच, त्या छोट्या कॉलेजला त्याचे लाखो डॉलर मिळतात आणि अलाबामाच्या दमलेल्या पोरांना जरा श्वास घेता येतो. अलाबामाची कॉन्फरन्स (म्हणजे टीमचा गट) एसईसी इतकी वर्षं कॉन्फरन्सच्या आठच मॅच खेळत आली, ओहायो स्टेटची बिग टेन २०१६ पासून नऊ खेळते, त्यामुळे ही टीका रास्त आहे, आणि एसईसीने २०२६ पासून नऊ मॅचचा निर्णय घेतला तो मला मनापासून पटला. अजून एक गोष्ट तुम्ही स्वतःहून कबूल करून टाका, २०११ ला पेन स्टेटच्या घरी जाऊन २७-११ जिंकल्यावर थेट २०२२ ला ऑस्टिनला टेक्सासशी खेळेपर्यंत अलाबामा कॉन्फरन्सबाहेरच्या कुठल्याच टीमच्या घरच्या मैदानावर गेली नाही.

पण म्हणून त्या मधल्या वर्षांत कोणाशी खेळलेच नाहीत असं नाही ना. २०१२ ला मिशिगन ४१-१४, २०१५ ला विस्कॉन्सिन ३५-१७, २०१६ ला यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) ५२-६, हे सगळे सीझनचे पहिलेच सामने आणि न्यूट्रल मैदानावरचे. आणि इथे शेड्यूलच्या गणितातली एक गोची आहे जी मला कायम खटकते. २०१७ ला अटलांटात फ्लोरिडा स्टेट समोर होती, तेव्हा ती देशात तिसऱ्या नंबरवर होती, अलाबामा २४-७ जिंकली, त्याच मॅचमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जखमी होऊन सीझनभरासाठी बाहेर गेला आणि ती टीम शेवटी ७-६ वर, म्हणजे सात विजय आणि सहा पराभवांवर आली. मग डिसेंबरमध्ये लोक कागद काढून म्हणतात, बघा, अलाबामाने हरवलं कोणाला तर ७-६ वाल्याला! अहो, ती मॅच ठरली तेव्हा आणि खेळली गेली तेव्हा समोर कोण उभं होतं ते बघायला नको का?

तरी माझ्या मते तुमचं खरं उत्तर हे नाहीच. अलाबामाचा कोच निक सेबनच्या काळात जिंकलेल्या सहा फायनल समोर ठेवा, बास. २००९ च्या सीझनला टेक्सास, २०११ ला एलएसयू (लुइझियाना स्टेट), २०१२ ला नोत्र दाम, २०१५ ला क्लेमसन, २०१७ ला जॉर्जिया, २०२० ला ओहायो स्टेट. सहा टायटल, सहा वेगवेगळ्या टीम, आणि त्यातल्या जॉर्जिया सोडून बाकी पाचही जणी फायनलला येईपर्यंत एकही मॅच हरलेल्या नव्हत्या. एलएसयूने तर त्याच सीझनमध्ये टस्कलूसात येऊन ९-६ ने हरवलं होतं, दोन महिन्यांनी फायनलला त्याच एलएसयूला २१-० ने हरवलं. घरी बोलावलेल्या छोट्या टीमला हरवून कोणी इथपर्यंत पोचत नाही हो.

आणि २०२० वर तर तुमच्या ऑफिसवाल्यांनी बोलूच नये. कोविडचं वर्ष, अलाबामाच्या रेग्युलर सीझनच्या दहाच्या दहा मॅच एसईसीतल्या, एकही सोपी नाही, वर कॉन्फरन्सच्या फायनलला फ्लोरिडाशी ५२-४६. ओहायो स्टेटच्या मात्र रेग्युलर सीझनमध्ये पाचच मॅच झाल्या होत्या आणि त्यांना कॉन्फरन्स फायनल खेळता यावी म्हणून बिग टेनने आपला सहा मॅचचा नियम बाजूला ठेवला होता. त्यात त्या पोरांचा काही दोष नव्हता, मॅच रद्द होत होत्या. पण शेड्यूलचा मुद्दा काढायचाच असेल तर हेही बोललं पाहिजे. फायनल ५२-२४, आणि अलाबामाच्या डेव्हॉन्टा स्मिथने एकट्याने पहिल्या हाफमध्येच २१५ यार्ड आणि तीन टचडाउन केले.

एक मुद्दा मात्र जपून, कारण कोणीतरी १९६६ काढेलच. त्या वर्षी अलाबामा ११-०, नेब्रास्कालाही शुगर बाउलमध्ये ३४-७ ने हरवलं, पण बाउलच्या आधीच झालेल्या शेवटच्या एपी पोलमध्ये तिसऱ्या नंबरवर, पहिले दोन नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट, ज्यांची आपसातली मॅच १०-१० अशी बरोबरीत सुटली होती. अलाबामावाले याला आजही अन्याय म्हणतात. मला तो अर्धाच अन्याय वाटतो, कारण तेव्हा अलाबामाच्या टीममध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, तर मिशिगन स्टेटचे स्टारच कृष्णवर्णीय होते, आणि ज्या टीमने देशातल्या इतक्या चांगल्या खेळाडूंना दारातच थांबवलं तिचा ११-० मी पूर्ण मानू शकत नाही. १९७० ला यूएससी बर्मिंगहॅमला आली, सॅम कनिंगहॅम नावाचा कृष्णवर्णीय फुलबॅक अलाबामाच्या डिफेन्समधून आरपार गेला, ४२-२१. पुढच्याच वर्षी कोच बेअर ब्रायंटची अलाबामाची टीम लॉस एंजेलिसला गेली, आता टीममध्ये जॉन मिचेल होता, अलाबामाकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, वर विशबोन हा नवा ऑफेन्स (आक्रमणाची रचना) कोणाला कळू न देता बसवलेला, आणि यूएससीला त्यांच्याच गावात १७-१० ने हरवून आली. अलाबामा अवघड ठिकाणी जाऊन खेळत नाही असं पुन्हा कोणी म्हणालं तर आधी ही मॅच सांगा, सेबनच्या सहा फायनल त्यानंतर.