छंद-चौकशी : जहाजाच्या नाकाशी पट्ट्या एकमेकींवर चढतात, काय करू?

गेल्या महिन्यात लाकडी मॉडेल जहाजांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आणि एवढी पत्रं, एवढे मेसेज आले की मीच चाट पडलो. कोल्हापुरात समुद्र नाही, आपलं बोटिंग म्हणजे रंकाळा, तरी एवढी माणसं घरात टेबलावर जहाज बांधत बसलीत! सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, चार प्रश्न घेतलेत. पहिला मोठा आहे, पण बऱ्याच जणांचं घोडं तिथंच अडलंय म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्न : काका नमस्कार. मी मंगळवार पेठेत राहतो, नोकरी बँकेत. साठ सेंटिमीटर लांबीच्या दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं किट आणलंय, दोन थरांचं प्लँकिंग आहे, म्हणजे सांगाड्यावर लाकडी पट्ट्यांचे एकावर एक दोन थर. कण्यावर (तळाच्या लांब लाकडावर) फ्रेम, म्हणजे आडव्या फासळ्या, बसवल्या, डेकच्या कडेपासून खाली दीड बाय पाच मिलिमीटरच्या पट्ट्या मारायला घेतल्या. पहिल्या तीन झकास बसल्या, चौथीपासून नाकाजवळ पट्टीची एक कड सुटते आणि उचलते, कौलं रचल्यासारखं दिसतंय. भिजवून बघितलं, टाचण्या ठोकून बघितलं, एक पट्टी मोडली. आणि मागं शेपटाकडं उलटंच, तिथं फटी पडतायत. पट्ट्या खराब आल्यात का?

उत्तर : पट्ट्यांचा काही दोष नाही हो, तुमचाही फारसा नाही, कारण किटमधल्या कागदावर एवढंच लिहिलेलं असतं की आता पट्ट्या लावा, आणि पुढं थेट पूर्ण झालेल्या जहाजाचा फोटो.

बँकेतली स्टीलची फूटपट्टी हातात घ्या. ती वर-खाली वाकवली की धनुष्यासारखी वाकते, पण आडवी ठेवून डावी-उजवीकडं वाकवा बघू. नाही वाकत, जोर केला तर पिळते आणि कड उचलते. तुमची चौथी पट्टी हेच करतेय. नाकाजवळ तिला आडवं वळावं लागतंय, ते तिला जमत नाही, म्हणून ती कड उचलून मोकळी होते. टाचणी ठोकून काय होणार.

आता ती आडवी का वळतेय? कलिंगड आठवा. त्याच्या अंगावरचे पट्टे मधे रुंद असतात आणि देठाकडं निमुळते होत जातात, कारण मधे घेर जास्त, टोकाला कमी. जहाजाचं पोटही तसंच आहे, तुम्ही मात्र नाकापासून शेपटापर्यंत सगळीकडं पाचाचीच पट्टी मारत सुटलाय. पुढं जागा कमी आणि लाकूड जास्त, मग ते एकमेकांवर चढणारच, सकाळच्या एसटीत चढतात तसं.

म्हणून पट्टी किती निमुळती करायची ते जहाजाला विचारायचं. कागदाची अरुंद चिठ्ठी कापा, मधल्या सगळ्यात फुगीर फ्रेमवर डेकच्या कडेपासून कण्यापर्यंत चिकटून गुंडाळा, पेन्सिलीनं खूण करा आणि सपाट करून मोजा. समजा ११० मिलिमीटर आले. पाचाच्या पट्ट्यांनी भागलं की २२. एका बाजूला २२ पट्ट्या, हा आकडा आता ठरला, बदलायचा नाही. मग तीच चिठ्ठी प्रत्येक फ्रेमवर. नाकाजवळच्या फ्रेमवर समजा ६६ भरले, तर ६६ भागिले २२, म्हणजे तिथं प्रत्येक पट्टी तीन मिलिमीटरचीच हवी. मागच्या फ्रेमवर १२१ भरले तर साडेपाच हवी आणि आपली पट्टी तर पाचाचीच, तुमच्या त्या फटींचं उत्तर हेच. तिथं दोन पट्ट्यांच्या मधे पाचरीसारखा निमुळता तुकडा घालतात. २२ पट्ट्यांमागं ११ मिलिमीटर कमी पडतायत, म्हणजे दोन-तीन पाचरी घातल्या की झालं, घाबरू नका, खऱ्या जहाजांवरही त्या असायच्या.

उलट नाकाशी पट्टी निम्म्यापेक्षा बारीक करायची वेळ आली, म्हणजे पाचाची अडीचच्या खाली, तर करू नका. खऱ्या जहाजावर एवढ्या चिंचोळ्या टोकात खिळा बसायचा नाही, फळी चिरायची, म्हणून तिथं एक फळी आधीच संपवून शेजारच्या रुंद फळीत खाच पाडून बसवायचे. मॉडेलवरही तसंच करा, दिसायलाही भारी दिसतं.

तासायचं कसं? डावीची आणि उजवीची पट्टी जोडीनं धरा, दोन जाड लाकडी तुकड्यांच्या मधे उभी दाबा आणि छोट्या रंध्यानं एकच कड तासा, दुसरी सरळच ठेवा. आणि निमुळतेपण घेर कमी व्हायला लागतो तिथपासून हळूहळू सुरू करायचं, शेवटच्या दोन इंचात एकदम टोक काढलं तर शाळेतल्या पेन्सिलीसारखं दिसतं (माझ्या पहिल्या जहाजाला तशा बावीसच्या बावीस पेन्सिली आहेत, अजून कपाटावर आहे, पाहुणे आले की मी तोंड भिंतीकडं करून ठेवतो). अजून एक चूक बहुतेक सगळे करतात, कण्यालगतची पट्टी पुढं नाकावर लांबपर्यंत वर चढवतात. ती वर गेली की तिच्या वरच्या सगळ्यांची जागा खाते. तिला पुढं लवकर थांबवा.

पट्टी मारायच्या आधी फ्रेमच्या कडा तिरक्या घासल्या होत्या का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारतो. नाकाजवळच्या फ्रेमवर पट्टी तिरकी येते, कड चौकोनी राहिली तर ती फक्त धारेवर टेकते. लांब लाकडी ठोकळ्याला काचपेपर गुंडाळून दोन-तीन फ्रेमवरून एकदम घासा आणि एक सुटी पट्टी टेकवून बघत राहा, प्रत्येक फ्रेमवर पूर्ण जाडीला बसली पाहिजे, उजेड दिसता कामा नये. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या पोकळीत पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाचे ठोकळे भरून आकार दिला तर पट्टीला चिकटायला जागा मिळते. पांगारा म्हणजे सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्याची करायचे ते झाड, ब्लेडनं कापलं तरी कापतं.

वाकवायचं म्हणाल तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, मग पत्र्याच्या गोल डब्यावर धरून वरून गरम इस्त्री फिरवा. वाकवते ती मुख्यतः उष्णता, पाणी तिला साथ देतं आणि लाकूड करपू देत नाही. मग गोंद न लावता जहाजावर चिमट्यांनी धरून रात्रभर वाळू द्या. हे जे सांगतोय ते ऐकाच. ओलं लाकूड फुगलेलं असतं, तसंच चिकटवलं तर वाळल्यावर आकसतं आणि प्रत्येक जोडात केसाएवढी फट दिसते, आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टात तर रात्रभरात वाळतही नाही, दोन रात्री धरा.

आणि एक पट्टी डावीकडं लावली की पुढची उजवीकडं, असंच जायचं. मी एकदा उत्साहाच्या भरात डावी बाजू अख्खी संपवली. दुसऱ्या दिवशी कण्यावर डोळा लावून नाकापासून शेपटापर्यंत बघितलं तर कणा केळ्यासारखा वाकलेला, एका बाजूच्या पट्ट्यांनी ओढून घेतला होता. सरळ झाला नाहीच.

तुमच्या तीन पट्ट्या बसल्यात त्या राहू द्या. चौथी कोमट ओल्या फडक्यानं गोंद भिजवून काढा, फेविकॉल असेल तर सुटतो. आता राहिलेल्या जागेचाच हिशोब करा, म्हणजे १९ पट्ट्या.

प्रश्न : फेविकॉल की फेविक्विक? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडणं आहेत. (राजारामपुरी)

उत्तर : भांडायचं कशाला, दोन्ही. लाकडाला लाकूड म्हणजे फेविकॉल, तो लाकडात मुरतो, पट्टी इकडंतिकडं सरकवायला वेळ देतो. फेविक्विक फक्त नाकाशी जिथं चिमटा बसत नाही तिथं एक थेंब, बोटानं दाबून धरायचं, बोट चिकटणार नाही एवढं बघायचं. दुसऱ्या थरावर मात्र तो बाहेर सांडू देऊ नका, तिथं लाकूड पॉलिश पीत नाही आणि डाग कायमचा राहतो. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते.

प्रश्न : दुसऱ्या थरासाठी अक्रोडाच्या पट्ट्या कमी पडल्या, परत मागवायच्या तर महाग पडतात. इथल्या वखारीतून सागाच्या कापून मिळतील का? (उचगाव)

उत्तर : मिळतील, पण हिशोब करा. वखारीतल्या करवतीचं पातंच दोन-तीन मिलिमीटर लाकूड खातं, अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीसाठी पाचपट भुसा पाडायचा आणि त्याचे पैसे द्यायचे. त्यापेक्षा प्लायवूडच्या दुकानात सागाच्या विनिअरचा, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा, उरलेला तुकडा मागा, तो साधारण अर्ध्या मिलिमीटरचाच असतो. स्टीलची पट्टी ठेवून नव्या ब्लेडनं चार मिलिमीटरच्या पट्ट्या कापा, कापायच्या आधी मागून कागदी टेप चिकटवा म्हणजे चिरणार नाही. सागाचे रेषे जरा ठसठशीत, छोट्या मॉडेलवर डोळ्यात भरतात, तेव्हा कमीत कमी रेषांचा तुकडा निवडून घ्या. आणि पहिल्या थरातल्या फटी भुसा आणि फेविकॉल कालवून भरा, बिनधास्त. दुसऱ्या थरात ते नको, पॉलिशखाली काळपट रेघ उठते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, गडहिंग्लजहून लिहिते. मुलांना दाखवायला मॉडेल करतेय. खऱ्या जहाजाची फळी नाकापासून शेपटापर्यंत एकसंध असायची का?

उत्तर : नाही बाई, एवढं लांब झाड कुठून आणायचं! एका रांगेत अनेक फळ्या एकापुढे एक जोडलेल्या असायच्या आणि जोड नेहमी फासळीवर. आणि शेजारच्या रांगेतला जोड त्याच फासळीवर येऊ द्यायचा नाही, मधे साधारण तीन रांगा तरी सोडायच्या, नाहीतर सगळे जोड एका रेषेत आले की जहाज तिथंच उलणार, वीट रचताना गवंडी सांधा मोडून घेतो तसंच. तुमचं मॉडेल १:४८ म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं असेल तर २४ फुटी फळी म्हणजे मॉडेलवर १५२ मिलिमीटर, तेवढ्यावर पेन्सिलीनं जोडाची रेघ ओढली तरी मुलांना कळेल. आणि मुलांना हेही सांगा की १८१७ साली मुंबईत वाडियांच्या गोदीत मलबारच्या सागवानातून बांधलेलं ट्रिंकोमाली नावाचं लढाऊ जहाज अजून पाण्यावर तरंगतंय, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. फोटोत त्याच्या नाकाकडं बघायला सांगा.