गुंडू, बंडू, ठकी, अक्का ही नावं कुठे गेली? मुलाला घरी बंडू म्हणावं का?

तुम्ही विचारलंय की ही जुनी टोपणनावं आजकाल का ऐकू येत नाहीत आणि मुलाला घरात बंडू म्हटलं तर लोक हसतील का. हसतील. पण प्रश्नात गुंडू वाचलं आणि मला राहवलं नाही, म्हणून आधी आमच्या वडलांचं सांगतो.

वडलांचं कागदोपत्री नाव रामचंद्र. पणजोबा गेले त्याच वर्षी वडील जन्मले, त्यामुळे नाव ठरलेलंच, पणजोबांचं. आता आजीनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं कसं? आमची आजी रामनवमीलासुद्धा 'चैत्रातली नवमी' म्हणायची आणि रामफळाला 'ते दुसरं सीताफळ', मग दिवसातून पन्नास वेळा पोराला अरे रामचंद्रा अशी हाक मारणं शक्यच नव्हतं. म्हणून गुंडू. पुढं ते भावांत थोरले, पुतणे आण्णा म्हणायचे, ते ऐकून आम्ही पोरंही आण्णाच म्हणायला लागलो. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, गडहिंग्लज भागात हे सगळ्यांना माहिती असतं, तरी सख्ख्या बापाला आयुष्यभर थोरला भाऊ म्हणताना कुणाला काही वाटलं नाही. गावाला ते गुंडूआण्णा. पिठाची गिरण होती, तिच्या लाईटबिलावर काय ते रामचंद्र.

हे काही आमच्याच घरचं नाही. पेशव्यांचं बघा. बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये वारले, त्याच वर्षी बाजीरावाला मुलगा झाला, नाव आजोबांचं बाळाजी आणि हाक मारायला नाना, तेच नानासाहेब. नाना फडणवीस पण बाळाजीच, तेही आजोबांच्या नावावरून. टोपणनाव म्हणजे नुसता लाड नव्हता, अडचण होती. आता कियांश नावाचा आजोबा कुणाचा असतो का? कुणाचं नाव घ्यायची बंदीच नाही, सूनबाई सासऱ्यांचं नाव ऑनलाइन ऑर्डरवर स्वतः टाइप करते (चांगलंच आहे, तक्रार नाही), तर दुसरं नाव लागतंय कुणाला. शिवाय आण्णा, तात्या, माई ही नावं चुलत भावंडांच्या तोंडून यायची, तीन माणसांच्या फ्लॅटमध्ये ती येणार कुठून.

तर 2014 साली आण्णा गेले. मी शेणी-लाकडांच्या मागं, आणि पेपरातल्या निधनवार्तेचा मजकूर धाकट्या भावानं पुण्याहून फोनवरून दिला. मी त्याला बजावलं होतं, 'रामचंद्र ऊर्फ गुंडूआण्णा' असं घाल. त्यानं ऊर्फ काढून टाकलं. का, तर गुंडू छापलेलं ऑफिसातले लोक वाचतील, गावठी दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपला पण तेच फिरवलं. गावातले आले, गावात काय तोंडोतोंडीच कळतं. बाहेरगावचे थोडे आले थोडे नाही, म्हटलं असेल काही अडचण.

महिन्याभरानं बाजारच्या दिवशी आण्णांचा एक दोस्त आला, सायकलच्या कॅरेजला जोंधळ्याचं अर्धं पोतं बांधलेलं. शेजारच्या गावचा, तीसेक वर्षं दळण आमच्याकडंच, आणि दळण झालं की दोघं ओट्यावर बसून चुना मळणार. दारातनंच, "आण्णा हाईत न्हवं?" मी सांगितलं. त्यानं पोतं सोडायला दोरीला हात घातला होता, तो तसाच राहिला. मी म्हटलं मामा, पेपरात आलं होतं की. तर म्हणाला, "वाचलंतं. केस कापाय बसलोतो. कोण रामचंद्र म्हटलं आनि पान उलटलं."

तीस वर्षांची दोस्ती, आणि खरं नाव माहीतच नव्हतं. गरजच पडली नव्हती.

भावाला मी हे त्याच दिवशी फोनवर सांगितलं, तर म्हणतो आधार कार्डावर जे नाव तेच छापतात. आधार कार्ड बघून कोण रडायला येतं रे? आणि हा स्वतः पिंट्या. आमच्या वेळेला गुंडू-बंडू मागं पडून पिंट्या, बंटी, पप्पूची लाट आली होती, आता तीही ओसरली, त्याच्या पोराला घरात 'चॅम्प' म्हणतात. बापाचं गुंडू गावठी आणि चॅम्प मात्र चालतं. चॅम्प पन्नास वर्षांचा झाल्यावर कसं वाटेल ते बघायला मी नसेन.

तर तुमचा बंडू. ठरवून ठेवलेलं टोपणनाव टिकत नाही, चार माणसं हाक मारणारी लागतात. आजी-आजोबा घरात असतील तर बिनधास्त म्हणा, एकट्या तुम्हीच म्हणणार असाल तर पोरगं शाळेत जाईपर्यंत चालेल. आणि अगदीच सगळं मेलंय असं नाही, पोरं पोरांत अथर्वचा अथ्या आणि ओंकारचा ओम्या अजून करतातच.

एक राहिलं, नाहीतर कुणीतरी खाली येऊन शिकवेल. जुनं ते सगळं गोड नव्हतं. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून पोराचं नाव धोंडू, दगडू ठेवायचे, ते तरी भीतीपोटी. पण मुलगी झाली म्हणून नकुसा? साताऱ्यात 2011 साली 285 मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलावी लागली. असली नावं गेली ते बरंच झालं. आणि आमच्या आईला माहेरी छबू म्हणायचे, लग्नात नाव बदललं आणि छबू तिकडंच राहिली, सासरी कुणी एकदासुद्धा तशी हाक मारली नाही, आम्हाला तर हे तिच्या साठीनंतर कळलं. म्हणजे ऊर्फसाठी भांडणारा मी, पण आईचं ऊर्फ मलाच माहीत नव्हतं.

मागच्या दिवाळीला पिंट्या आला होता तेव्हा परत हाच विषय निघाला आणि आवाज चढले. आई आतून म्हणाली, "माझ्या येळला दोन्ही घाला, आनि आता फराळाला बसा."